कर्जाची गाडी घेऊन सीमेपलीकडे: निघण्याआधी, नाक्यावर आणि परतल्यावर

सीमानाक्यावरच्या खिडकीतल्या माणसाने फायनान्स कंपनीचं पत्र डावीकडे ठेवलं, गाडीचं नोंदणीपत्र उजवीकडे ठेवलं आणि पेनाच्या टोकाने दोन्हीकडचे चॅसी नंबर एकेक अक्षर करत जुळवायला घेतले. बाराव्या जागेवर पेन थांबलं. नोंदणीपत्रात तिथे शून्य होतं. पत्रात इंग्रजी ओ. त्याने दोन्ही कागद माझ्याकडे वळवले, त्या जागेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. आमची सुट्टी तिथेच दीड दिवसाने पुढे गेली, कारण पत्र देणारं ऑफिस तोवर बंद झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे नवीन पत्र हातात आलं.

नंतर कळलं की चॅसी नंबर 17 अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच वापरत नाहीत. एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणूनच ती वगळलेली आहेत. खिडकीतल्या माणसाला हे पाठ होतं. पत्र टाइप करणाऱ्याला नव्हतं आणि ते न वाचता पिशवीत टाकणाऱ्या मलाही नव्हतं.

त्या दीड दिवसात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. हप्ते चालू असलेल्या गाडीकडे दोन जण एकाच शंकेने बघतात. कर्ज देणाऱ्याला वाटतं, माझी तारण गाडी परत येईल ना? पलीकडच्या कस्टमला वाटतं, ही गाडी आमच्याकडेच राहणार नाही ना? तुम्ही गोळा कराल तो जवळजवळ प्रत्येक कागद या एकाच प्रश्नाचं उत्तर असतो: गाडी परत जाणार आहे. हे लक्षात ठेवलं की कोण काय मागतंय आणि का, ते समजतं आणि कामाचा क्रमही आपोआप लागतो. हाताशी निदान सहा आठवडे ठेवा. त्यातला बराचसा वेळ पहिल्या दोन कागदांतच, म्हणजे परवानगीच्या पत्रात आणि विम्यात जातो.

गाडी नक्की कोणाची आहे

‘गाडी फायनान्सवर आहे’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळे प्रकार येतात आणि नाक्यावर तिन्हींना वेगळी वागणूक मिळते. पहिला प्रकार साध्या वाहनकर्जाचा. गाडी तुमच्या नावावर असते आणि नोंदणीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा चढवलेला असतो. दुसरा हायर पर्चेसचा. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कायद्याने मालक कंपनी असते, तुमच्याकडे फक्त वापराचा हक्क असतो. तिसरा लीज. तिथे मालक कंपनीच असते आणि करार संपल्यावर बहुतेक वेळा गाडी तिच्याकडेच परत जाते.

पहिल्या प्रकारात नोंदणीपत्रावर तुमचं नाव असल्याने अनेक सीमांवर पुढे कोणी काही विचारत नाही. पण यावर विसंबू नका. मेक्सिकोत गाडी न्यायची तर ती कर्जावर असल्यास कर्ज देणाऱ्याचं परवानगीपत्र मागितलंच जातं, नोंदणी तुमच्या नावावर असली तरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात मालकाच्या लेखी परवानगीशिवाय निघूच नये. ब्रिटनमध्ये लीजच्या किंवा भाड्याच्या गाडीसाठी व्हीई103 नावाचं वेगळं प्रमाणपत्रच आहे. मूळ नोंदणीपत्र लीज कंपनीकडे असतं, म्हणून परदेशात ते दाखवायचं. त्याची मुदत जास्तीत जास्त 12 महिने असते.

नोंदणीपत्र काढलंच आहे तर त्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव शेजारी ठेवून बघा. लग्नानंतर बदललेलं आडनाव, गळलेलं मधलं नाव, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावरची गाडी, कंपनीच्या नावावरची गाडी: यातलं काहीही असेल तर नोंदणीकृत मालकाचं नोटरी केलेलं अधिकारपत्र वेगळं लागेल. कर्ज देणाऱ्याच्या पत्रात ते आपोआप येत नाही.

करार काढा आणि चार ठिकाणी खूण करा

कर्जाचा करार सही केल्यापासून कोणी उघडलेला नसतो. आता उघडा. चार गोष्टी शोधायच्या.

गाडी देशाबाहेर किंवा ठरावीक हद्दीबाहेर नेण्याबद्दलचं कलम ही पहिली. बहुतेक करारांत लेखी पूर्वपरवानगीची अट असते. काहींत दिवसांची मर्यादा असते, लीजमध्ये तर परवानगी असलेल्या देशांची यादीच असते. ती अट मोडली तर काय, हे दुसरं. अनेक करारांत तो थेट करारभंग मानला जातो आणि कर्ज देणाऱ्याला उरलेली सगळी रक्कम एकदम मागता येते, गाडी ताब्यातही घेता येते. हप्ते एक दिवस न चुकवणाऱ्यालाही हे लागू होतं, म्हणून हे कलम दोनदा वाचा. तिसरं, विम्याबद्दलची अट. कर्ज असेपर्यंत गाडीचा स्वतःच्या नुकसानीचाही विमा चालू ठेवायचा, अशी अट जवळपास नेहमी असते आणि सीमा ओलांडताना तीच सगळ्यात सहज मोडली जाते. पुढे त्यावर सविस्तर लिहिलं आहे. चौथं, गाडीत कर्ज देणाऱ्याने बसवलेलं ट्रॅकर किंवा इंजिन सुरूच होऊ न देणारं उपकरण. काही देशांत पतइतिहास कच्चा असलेल्यांना कर्ज देताना अशी उपकरणं बसवतात. ठरलेल्या हद्दीबाहेर गाडी गेली की तिकडे सूचना जाते. परक्या देशातल्या पार्किंगमध्ये गाडी सुरूच न होण्याचा प्रसंग नको असेल तर परवानगी मागतानाच याचा उल्लेख करा आणि प्रवासाच्या तारखांची नोंद त्या विभागात झाली का, हे विचारून घ्या.

लीज असेल तर किलोमीटरची मर्यादाही बघा. सुट्टीतला लांबचा पल्ला वर्षाचा कोटा संपवू शकतो आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे शेवटी मोजावे लागतात.

परवानगीचं पत्र: काय मागायचं आणि कसं

कर्ज देणाऱ्याकडे फोन करून ‘एनओसी हवी’ एवढंच म्हणालात तर समोरचा गोंधळतो. तिथे एनओसी म्हणजे बहुधा कर्ज फिटल्यावरची, नाहीतर गाडीची नोंदणी दुसरीकडे हलवण्याची. स्वच्छ शब्दांत सांगा: ‘कर्ज चालू आहे, गाडी सुट्टीसाठी अमुक तारखांना तात्पुरती परदेशात नेऊन परत आणायची आहे, त्याची लेखी परवानगी हवी.’ फोनवरच्या ‘हो हो, चालतं, न्या बिनधास्त’ला काडीची किंमत नाही. तो आवाज नाक्यावर तुमच्याबरोबर नसतो. ईमेल पाठवा, विनंतीचा क्रमांक घ्या, दर तीन-चार दिवसांनी विचारा.

पत्राचा मसुदा तुम्हीच लिहून द्या. तिकडच्या कर्मचाऱ्याला असं पत्र वर्षातून एखाद्या वेळी लिहावं लागत असेल, त्यामुळे तयार मसुदा त्यालाही हवाच असतो. मसुद्यात एवढं हवं:

1. कंपनीचं लेटरहेड, तारीख, आणि नाक्यावरून कोणी फोन केला तर उचलला जाईल असा नंबर.
2. तुमचं नाव, पासपोर्टवर आहे अगदी तसं, आणि पासपोर्ट क्रमांक.
3. गाडीचं मेक, मॉडेल, वर्ष, नोंदणी क्रमांक आणि 17 अक्षरी चॅसी नंबर.
4. कोणकोणत्या देशांत नेणार त्यांची नावं. नुसतं ‘परदेशात’ असं नको. वाटेत फक्त ओलांडायचे देशही लिहा.
5. जाण्या-येण्याच्या तारखा, दोन्ही बाजूंना आठ-दहा दिवसांची मोकळीक ठेवून.
6. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव.
7. गाडी तात्पुरती नेली जात आहे आणि परत आणली जाईल, हे स्पष्ट वाक्य.
8. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, शाईची सही, शिक्का.

पत्र हातात आलं की घरी त्या खिडकीतल्या माणसासारखे वागा. नोंदणीपत्र शेजारी ठेवा आणि चॅसी नंबर पेनाने एकेक अक्षर जुळवा. नंतर गाडीपाशी जाऊन पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातला किंवा दाराच्या चौकटीवरचा नंबरही जुळवा. मूळ पत्राच्या दोन प्रती मागून घ्या. एखाद्या नाक्यावर एक ठेवूनच घेतली तर दुसरी हाताशी राहते. पलीकडची भाषा वेगळी असेल तर प्रमाणित भाषांतर करून घ्या आणि ते मूळ पत्राला जोडूनच ठेवा.

नकार आला तर? आधी कारण विचारा. पुष्कळदा नकार देशाला नसून विम्याला असतो. तिकडे गाडीला विमा राहील याचा पुरावा दिला की परवानगी मिळते. तरीही नकारच राहिला तर गाडी सीमेच्या अलीकडे सुरक्षित पार्किंगमध्ये ठेवून पलीकडे भाड्याची घेणं हा सरळ उपाय आहे. छोट्या सहलीसाठी मी तोच सुचवेन, कारण विम्याची वाढ, कस्टमची फी, अनामत रक्कम हे सगळं एकत्र धरलं तर भाड्याची गाडी कित्येकदा स्वस्त पडते. थोडेच हप्ते उरले असतील तर कर्ज आधीच फेडून टाकता येतं. फक्त बोजा उतरून नवीन नोंदणीपत्र यायला वेळ लागतो, म्हणून कर्ज फिटल्याचा दाखला बरोबर ठेवा. न सांगता गुपचूप जाणं हा उपाय नाही. शंभरात नव्याण्णव वेळा कोणाला कळणारही नाही, पण जेव्हा कळतं तेव्हा अपघात झालेला असतो किंवा गाडी चोरीला गेलेली असते.

विमा: इथे घाई करू नका

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

तुमची घरची पॉलिसी सीमेवर संपते की पुढेही चालते, हे पॉलिसीतल्या भौगोलिक हद्दीच्या कलमात असतं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात नेहमीच्या पॉलिसी सहसा दोन्हीकडे चालतात. तीच अमेरिकन पॉलिसी मेक्सिकोत सहसा कामाला येत नाही, तिथे मेक्सिकन कंपनीची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तिथे हे फार गांभीर्याने घ्यायचं, कारण कोणी जखमी झालं तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवलं जाऊ शकतं. युरोपात आणि आसपासच्या चाळीसहून जास्त देशांत ग्रीन कार्डची व्यवस्था आहे. तिचा पाया 1949 सालचा. तुमच्या विमा कंपनीने दिलेलं हे कार्ड म्हणजे त्या देशातल्या सक्तीच्या विम्याएवढं संरक्षण असल्याची हमी. नाव ग्रीन असलं तरी 2020 च्या जुलैपासून ते साध्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत छापलेलंही चालतं. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अनेक देशांत कोमेसा या देशसमूहाचं यलो कार्ड, पश्चिम आफ्रिकेत इकोवास या देशसमूहाचं ब्राउन कार्ड, त्याच धर्तीवर.

आता मेख. ही कार्डं आणि सीमेवरच्या टपरीत मिळणारा विमा मुख्यतः थर्ड पार्टीचा असतो. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर तो भरून देतो. तुमच्या गाडीचं काय झालं, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. पोलीस समाधानी, कस्टम समाधानी, आणि तुम्ही मात्र बिनविम्याच्या गाडीत बसलेले. स्वतःची गाडी पूर्ण फिटलेली असती तर हा धोका पत्करायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवलं असतं. कर्जाच्या गाडीत तो अधिकार तुम्हाला नाही, करारात तसं लिहिलेलं आहे.

गाडी तिकडे चोरीला गेली आणि स्वतःच्या नुकसानीचा विमा तिकडे लागू नाही, असं धरून चला. गाडी गेली. हप्ते थांबत नाहीत, उरलेलं सगळं कर्ज तुमच्या डोक्यावर. आणि तिसरं, ज्याचा विचार सहसा कोणी करत नाही: तात्पुरती आणलेली गाडी बाहेर गेल्याची नोंद नसल्यामुळे पलीकडचं कस्टम ती देशातच राहिली असं धरतं आणि आयात शुल्क मागू शकतं. म्हणजे नसलेल्या गाडीचे हप्ते आणि नसलेल्या गाडीचं शुल्क.

म्हणून विमा कंपनीला लेखी विचारायचं: अमुक देशांत, अमुक तारखांना, चोरी, अपघात, आग, पूर आणि गाडी पूर्ण निकामी होणं, यातलं काय काय माझ्या गाडीला लागू राहील? पॉलिसी वाढवून मिळत असेल तर तिची पुरवणी हातात घ्या. मिळत नसेल तर पलीकडच्या देशाची सर्वंकष पॉलिसी घ्या. तिच्यात भरपाई मिळण्याचा पहिला हक्क म्हणून कर्ज देणाऱ्याचं नाव घालता येतं का, ते बघा. गाडीच्या किमतीपेक्षा कर्जाची बाकी जास्त असताना उपयोगी पडणारा गॅप इन्शुरन्स तुमच्याकडे असेल तर तो परदेशात चालतो का, तेही विचारा. मूळ पॉलिसीने दावा मान्य केला तरच गॅपवाले पैसे देतात, म्हणून मूळ पॉलिसी तिकडे बंद असेल तर गॅपही बंद, असं समजायचं. बिघाड झाल्यावरची मदत किती किलोमीटर ओढून नेते आणि गाडी मायदेशी आणून देते का, ही विचारपूसही याच ईमेलमध्ये उरका.

आणखी एक बारीक गोष्ट. चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या बहुधा दोन्ही चाव्या मागतात. दुसरी चावी गाडीतल्या बॅगेत ठेवू नका. अंगावरच्या पाऊचमध्ये, वेगळ्या माणसाकडे ठेवा.

कस्टमचे चार दरवाजे

सीमा सगळीकडे सारखी नसते. आपण कोणत्या दरवाजाने जाणार हे आधी ठरलं की तयारी सोपी होते.

पहिला दरवाजा उघडाच असतो. युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्यात जाताना गाडीसाठी कस्टम नाही. तरी कर्जाचा करार आणि विमा लागू राहतोच, त्यामुळे नाका नाही म्हणजे परवानगी नको, असं होत नाही.

दुसऱ्यात फारसा कागद नसतो. पर्यटकाची गाडी तात्पुरती आली असं गृहीत धरून सोडतात, पण मुदत असते. युरोपीय संघाबाहेर नोंदलेली खासगी गाडी तिथे साधारणपणे 6 महिने शुल्काशिवाय ठेवता येते. ही सवलत संघाबाहेर राहणाऱ्या माणसासाठी आहे. इथे पाहुण्यांच्या घरी घोळ होतो. पलीकडे राहणारा भाऊ कौतुकाने म्हणतो, ‘ताई, चावी दे, एक चक्कर मारून येतो.’ तो तिथला रहिवासी, गाडी परदेशी, आणि तुम्ही गाडीत नाही. बऱ्याच देशांत एवढ्यावर सवलत मोडली असं धरून शुल्क आणि दंड लागू शकतो. शिवाय विम्यात त्याचं नाव नाही आणि कर्ज देणाऱ्याच्या पत्रातही नाही. चावी देऊ नका, भाऊ रागावला तरी चालेल.

तिसरा दरवाजा तात्पुरत्या आयात परवान्याचा. मेक्सिकोचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. सीमेलगतचा पट्टा आणि बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प सोडून आत जायचं तर बान्हेर्सितो या सरकारी बँकेकडून परवाना घ्यावा लागतो. पर्यटकाला तो 180 दिवसांपर्यंत मिळतो. गाडीच्या वर्षानुसार 200, 300 किंवा 400 अमेरिकन डॉलरची अनामत भरावी लागते. नवी गाडी, जास्त अनामत. गाडी मुदतीत बाहेर काढून परवाना रद्द करून घेतला की अनामत परत मिळते, नाहीतर जप्त होते आणि पुढचा परवानाही अडतो. ऑनलाइन अर्ज प्रवासाच्या 60 ते 7 दिवस आधी करता येतो. कर्ज देणाऱ्याचं पत्र हा परवाना काढताना लागतं. नेपाळमध्ये भारतीय गाड्यांना नाक्यावर भन्सार, म्हणजे तिथलं कस्टम शुल्क, भरावा लागतो आणि तो दिवसांवर मोजतात, म्हणून तिथे मुक्कामाचे दिवस आधी पक्के करून मगच खिडकीपाशी जावं.

चौथा दरवाजा सगळ्यात जड, कार्ने द पासाजचा. गाडीचा पासपोर्टच म्हणा. आपल्या देशातली अधिकृत मोटर संघटना ते पुस्तक देते आणि त्यासाठी बँक हमी, विमा किंवा रोख रकमेचं तारण घेते. मुदत साधारण एक वर्षाची. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. खालचा भाग प्रवेश करताना फाडून घेतात, मधला बाहेर पडताना, आणि वरचा पुस्तकातच राहतो. त्या वरच्या भागावर प्रवेशाचा शिक्का आणि निर्गमनाचा शिक्का असे दोन्ही हवेत. निर्गमनाचा शिक्का नसेल तर हिशेबात गाडी अजून त्या देशात आहे आणि शुल्काची मागणी तुमच्या तारणावर येते. गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्याचं पत्र संघटना आधीच मागते, म्हणून पत्राचं काम पूर्ण झाल्यावरच कार्नेकडे वळा.

काही देशांत, उदाहरणार्थ तुर्कस्तानात, गाडीची नोंद तिला आणणाऱ्या माणसाच्या प्रवेशाशी जोडतात. घरी काही झालं आणि विमानाने तातडीने परतावं लागलं तर गाडी सोडून सरळ निघता येत नाही, आधी कस्टमकडे रीतसर सोय करावी लागते. अशा देशात गाडी कोणाच्या नावाने आत न्यायची, हे घरातल्या परिस्थितीचा विचार करून ठरवा.

परवाना, पाटी आणि बाकी सामान

गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना मुख्यतः दोन करारांखाली मिळतो, 1949 च्या जिनिव्हा कराराखाली आणि 1968 च्या व्हिएन्ना कराराखाली. पहिल्याची मुदत एक वर्ष, दुसऱ्याची जास्तीत जास्त तीन वर्षं. जिथे जायचं तो देश कोणता मानतो ते बघून घ्या. तो मूळ परवान्याचं भाषांतर असतो, पर्याय नसतो, त्यामुळे दोन्ही बरोबर हवेत. तो आपल्याच देशात, अधिकृत ठिकाणाहूनच काढायचा. ऑनलाइन विकत मिळणारी रंगीत पुस्तकं निरुपयोगी असतात. नंबर प्लेट देवनागरी, अरबी किंवा आणखी कुठल्या लिपीत असेल तर तोच क्रमांक रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतही लागतो. मागे देशाचं ओळखअक्षरांचं चिन्ह लावा आणि जुनं असेल तर बदला. ब्रिटनचं जीबी हे चिन्ह 28 सप्टेंबर 2021 पासून यूके झालं आहे.

बाजू बदलत असेल, म्हणजे डावीकडून चालवणारे उजवीकडून चालवणाऱ्या देशात, तर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. काही गाड्यांत तो बदलण्याची सोय असते, नाहीतर काचेवर लावायचे स्टिकर मिळतात. लीजच्या गाडीवर काहीही चिकटवण्याआधी ते डाग न ठेवता निघेल याची खात्री करा. धोक्याचा त्रिकोण, चमकणारं जॅकेट, प्रथमोपचार पेटी: ऑस्ट्रियात तिन्ही सक्तीचे आहेत, इतरत्र यादी थोडी वेगळी असते. हायवेचं स्टिकर लागतं का, टोल नोंदणी क्रमांकावर ऑनलाइन आकारतात का, तेही बघा.

निघण्याच्या आदल्या रात्री

प्रवासाच्या काळात येणारा हप्ता खात्यातून आपोआप जाईल एवढी शिल्लक आहे ना, ते तपासा. परदेशात वापर दिसला म्हणून बँकेने कार्ड अडवून ठेवलं आणि त्याच आठवड्यात हप्ता चुकला, तर परवानगीचं पत्रही अडचणीत येतं, कारण ते बहुधा ‘कर्ज नियमित असेपर्यंत’ या अटीवर असतं.

कागदांचे तीन संच करा. मूळ कागद गाडीत ठेवू नका, अंगावरच्या पिशवीत ठेवा. एक छापील प्रत गाडीत, एक फोनमध्ये अशी की नेट नसतानाही उघडेल. गाडीचे चारही बाजूंनी, किलोमीटरच्या आकड्यासह आणि चॅसी नंबरसह फोटो काढा.

नाक्यावर शक्यतो कामकाजाच्या दिवशी, सकाळी पोचा. पत्रात चूक निघालीच तर कर्ज देणाऱ्याचं ऑफिस उघडं हवं. विचारलं तेवढंच सांगा, पण गाडी कर्जावर आहे हे लपवू नका. नोंदणीपत्रावर लिहिलेलं असतं आणि आधी नाही म्हणून मग पत्र काढलं की संशय वाढतो. खिडकीतून मिळालेला परवाना तिथेच उभं राहून वाचा: नाव, चॅसी नंबर, शेवटची तारीख. गाडीत जाऊन बसल्यावर सापडलेली चूक सुधारायला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

तिकडे काही झालं तर

अपघातानंतर किंवा चोरीनंतर पहिला कागद पोलिसांचा. भाषा कळत नसली तरी लेखी अहवाल किंवा निदान तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. विमा कंपनी, कर्ज देणारा, कस्टम, तिघेही तोच मागतील. मग त्याच दिवशी तिघांनाही कळवा, ईमेलने, म्हणजे वेळेची नोंद राहते. कर्ज देणाऱ्याला कळवायला लोक घाबरतात. मी सांगेन, सगळ्यात आधी त्यांनाच सांगा. दाव्याचे पैसे त्यांच्या संमतीशिवाय सुटत नाहीत.

गाडी गॅरेजमध्ये अडकली आणि परवान्याची मुदत संपत आली, तर मुदत संपण्याआधी कस्टमकडे वाढीचा अर्ज करा, सोबत गॅरेजचं तारीख घातलेलं पत्र. मुदत संपल्यानंतर दिलेलं कारण खरं असलं तरी ते दंडाच्या पावतीबरोबरच ऐकलं जातं. मोठी दुरुस्ती करण्याआधी विमा कंपनीची मंजुरी घ्या, आणि लीजची गाडी असेल तर मालक कंपनीचीही. गाडी दुरुस्तीपलीकडे गेली तर ती भंगारात देऊ नका किंवा रस्त्याकडेला सोडून येऊ नका. ती विकायचा हक्क तुमचा नाही आणि कस्टमच्या लेखी ती अजून आत आहे. ती नष्ट केल्याचा किंवा कस्टमच्या ताब्यात दिल्याचा दाखला, कर्ज देणाऱ्याच्या संमतीने, हातात घेऊनच बाहेर पडा.

परतताना

बाहेर पडण्याचा शिक्का मागून घ्यावा लागतो. सुट्टी संपवून परतणारी गाडी म्हणून पुष्कळदा हात करून पुढे जायला सांगतात, रात्री तर खिडकीही बंद असते. तरी थांबा. परवाना रद्द केल्याची पावती, कार्नेच्या पानावरचा दुसरा शिक्का, काहीही असो, तो मिळाल्याशिवाय रेषा ओलांडू नका. मागे वळून येणं सोपं नसतं, आणि गाडी घरी पोचल्यावर ‘ती बाहेर आली’ हे सिद्ध करायला पुन्हा तपासण्या, दाखले, वकिलाती असं सगळं करावं लागतं.

घरी आल्यावर कर्ज देणाऱ्याला गाडी परतल्याचा ईमेल टाका, आपल्या नाक्यावरून आत आल्याचा पुरावा जोडून. विम्याची वाढ बंद झाली आणि मूळ पॉलिसी नेहमीसारखी चालू आहे, हे कळवून घ्या. अनामत किंवा कार्नेचं तारण परत येईपर्यंत पाठपुरावा करा. कार्ने संघटनेला प्रत्यक्ष परत द्यावं लागतं. परदेशातले दंड आणि टोल महिन्या-दोन महिन्यांनी उगवतात आणि ते नोंदणीकृत मालकाकडे जातात. लीजमध्ये मालक कंपनी असल्याने ती आधी भरते आणि वर स्वतःचं शुल्क लावून तुमच्याकडून घेते, म्हणून एखादा टोल चुकला आहे असं वाटलं तर आपणहून लगेच भरलेला बरा. प्रवासाचे सगळे कागद, अगदी पार्किंगच्या पावत्याही, निदान कर्ज फिटेपर्यंत एका पाकिटात ठेवा. माझ्या पाकिटात ते ‘ओ’ पडलेलं चुकीचं पत्रही आहे, शून्याच्या जागी पेनाचा ठिपका असलेलं.